अप्पांची अकरा पदं

सोलापूरच्या सात रस्त्यावरून मुंबईची ट्रॅव्हल्स संध्याकाळी साडेपाचला सुटणार होती. अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे आईवडील, गावाहून, मैंदर्गीहून, सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन बसले होते, कारण वेळेवर पोचणं म्हणजे अप्पांना उशीरच वाटायचा. दोन बॅगा, एका पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, गळ्यात पासपोर्टची पिशवी, अशी मी मल्लिनाथ अण्णाच्या दुकानाबाहेर उभी होते. अण्णा माझा थोरला भाऊ. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान तिथंच एका बोळात होतं. दारावर पाटी होती : ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील.’

बस लागली तशी अण्णानं एका पायमोज्यात गुंडाळलेली हार्डडिस्क माझ्या हातात दिली.

“ह्यात सगळं हाय. मराठी, हिंदी, कन्नड. अप्पाचं पण हाय. तितं नेट कसं आसतंय कुणाला ठावं. हातात आसलेली वस्तू आपली आसती की.”

अव्वा रडली. अप्पा रडले नाहीत. त्यांनी बॅगांच्या चेन एकदा ओढून बघितल्या, ड्रायव्हरला बस रस्त्यात कुठं कुठं थांबते ते विचारलं आणि मला म्हणाले, “होगि बा.” जाऊन ये. आमच्याकडं निरोप असाच देतात, बाजाराला निघालेल्या माणसालाही आणि आयर्लंडला निघालेल्या मुलीलाही.

मी नर्स आहे. लिमरिक नावाच्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात मला नोकरी लागली होती. त्याला आता दहा वर्षं झाली.

अप्पांबद्दल आधी सांगायला हवं. अप्पा शेतकरी. तूर, ज्वारी, थोडा ऊस. पण गावात त्यांची ओळख पदं म्हणणारे म्हणून. दर सोमवारी संध्याकाळी मठात भजन असायचं आणि त्यात अप्पा पुढं बसून म्हणायचे. बहुतेक पदं कन्नडमधली, एखाददुसरं मराठी. आवाज गोड वगैरे नव्हता. रुंद होता, भरीव होता, आणि वरच्या पट्टीत जाताना थोडा फाटायचा. ते कुणाकडं शिकले नव्हते आणि मैंदर्गीबाहेर कधी म्हणायलाही गेले नव्हते.

अण्णानं एका सोमवारी कुणाचा तरी माइक मागून आणला आणि अप्पांची अकरा पदं मोबाइलवर रेकॉर्ड केली. पंखा बंद ठेवायला लावला म्हणून सगळे घामाघूम झाले होते. मग त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘अप्पा सोमवार’ असं फोल्डर केलं. त्या काळात त्याचं दुकान गाण्यांवरच चालायचं. मंद्रूप, अक्कलकोट, वळसंग, कुठनं कुठनं लोक यायचे. ट्रॅक्टरवाले, न्हावी, चहाच्या टपरीवाले, लग्नाचे बँडवाले. कार्ड द्यायचे, काय हवं ते सांगायचे आणि तोवर बाजार करून यायचे. अण्णा प्रत्येकाच्या कार्डात शेवटी अप्पांची अकरा पदं न विचारता घालून द्यायचा. एकदा एक ट्रॅक्टरवाला भांडायला आला होता, “मी नाचायची गाणी मागितली आन् शेवटाला भजन लागलं की वो!” अण्णा म्हणाला, “नाचून दमल्यावर आईका.”

लिमरिकला पहिले सात-आठ महिने ती हार्डडिस्कच माझा आधार होती. लॅपटॉपला लावायची आणि स्वयंपाक करायचा. सोमवारी मुद्दाम अप्पांचं फोल्डर लावायची. मग माझ्याबरोबरच्या एका केरळच्या मुलीनं मला तिच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतलं. गाण्यांचं ॲप. महिन्याला थोडेसे पैसे आणि जगातलं सगळं संगीत खिशात. हे ज्यांनी केलंय त्यांना काही समजावून सांगायला नको. मला फार आवडलं. मी मराठी शोधलं, मिळालं. लहानपणी एकदाच ऐकलेलं कन्नड गाणं शोधलं, तेही मिळालं. बसमध्ये, ड्यूटीवर जाताना, कपडे धुताना कानात सतत काहीतरी. मधूनच एखादं गाणं यादीत राखाडी होऊन पडायचं. ते आता तुमच्या देशात उपलब्ध नाही, एवढं लिहून यायचं. मी दुसरं लावायची. एवढी गाणी असताना एकासाठी कोण अडून बसणार?

हार्डडिस्क कपाटात गेली. पायमोजा झिजला होता, तो मी फेकून दिला.

तीन वर्षांपूर्वी मी एक कोर्स घेतला. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या देखभालीचा. त्याचे व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती. मी कपाटातली डिस्क काढली, लॅपटॉपला लावली. संगणकानं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी म्हटलं, चालेल. सगळं तर ॲपवर मिळतं. आणि ते खरंच होतं. अण्णानं भरून दिलेल्या हजारो गाण्यांपैकी सगळी ॲपवर होती. अकरा सोडून.

त्या अकरांची मला तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही. हे लिहायला जड जातं, पण झालं ते असं झालं.

गेल्या वर्षी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत अण्णाचा फोन आला. अप्पांचा आवाज तीन महिने बसला होता, ते मला माहीत होतं. अण्णानं रिपोर्ट पाठवला होता आणि मी तो उघडायच्या आधीच त्याचा फोन आला. घशात गाठ. स्वरयंत्र काढावं लागणार. डॉक्टरांनी तारीखही दिली होती.

मी नर्ससारखी बोलले. काढल्यावर गळ्याला भोक ठेवतात, श्वास तिथनं घ्यायचा, बोलणं बंद होईल, पण जीव वाचेल. अण्णा ऐकत होता. मग मी म्हणाले, “आधी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव.”

“आता काय ठिवायचं सुवी? नुस्ती खरखर हाय. बोललेलं अव्वाला बी कळंना.” मग तो म्हणाला, “तुज्या डिस्कवर पदं हायती म्हणून मला धीर हाय बग. माजा जुना कॉम्प्युटर तर कवाच बाद झाला. नेट स्वस्त झालं, कार्ड भरायला कुणी येईना, म्हटलं काय करायचाय त्यो डबा. भंगारात दिला.”

 “सुट्टी संपली,” एवढं म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवशी कपाटातली डिस्क काढून बघितली. कोर्सचे व्हिडिओ. इंटरनेटवरनं पुसलेलं परत आणणारी दोन सॉफ्टवेअर्स उतरवून घेतली, तीही चालवून बघितली. काही आलं नाही. वेड्यासारखं ॲपवरही शोधलं. अप्पांचं नाव टाकलं, मैंदर्गी टाकलं, पदाची पहिली ओळ टाकली. ‘असं काही सापडलं नाही, दुसरं काही ऐकायचंय का?’

ऑपरेशन झालं. मला रजा मिळून मी पोचले तेव्हा सोळावा दिवस होता. अप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. गळ्यावर पांढऱ्या कापडाची चौकोनी पट्टी, मांडीवर दोनशे पानी वही, खिशाला पेन. मला बघून त्यांचं तोंड हललं, सवयीनं. आवाज आला नाही. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली.

मला वाचता आलं नाही.

अप्पा कन्नड शाळेत शिकलेले. आम्हाला त्यांनी मराठी शाळेत घातलं, पुढं नोकरीला बरं पडेल म्हणून. घरात आम्ही दोन्ही बोलायचो, एका वाक्यात सुद्धा. त्यामुळं मला आयुष्यात कधी जाणवलंच नव्हतं की अप्पांना मराठी फक्त सहीपुरतं लिहिता येतं आणि मला कन्नड अक्षर ओळखता येत नाही. आवाज होता तोवर हे काही अडलं नव्हतं. अण्णा वाचू शकायचा, दुकानातल्या गिऱ्हाइकांमुळं शिकला होता. तो नसला की अप्पा आणि मी खुणा करायचो. चहा, पाणी, औषध, ऊन. बाकी गप्प.

तिसऱ्या दिवशी मी सोलापूरला अण्णाच्या दुकानात गेले आणि त्याला सांगून टाकलं. तो एका फोनची काच बदलत होता. त्यानं मान वर केली नाही. बारीक स्क्रू एकेक करून चुंबकाच्या ताटलीत ठेवले. मग म्हणाला, “कवा पुसलीस?”

“दोन वर्षं झाली.”

“फोनवर का सांगितलं न्हाईस?”

“लाज वाटली.”

तो उठला, बाहेर जाऊन उभा राहिला. रहदारीकडं बघत होता. आत आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा होता. “माजं तरी काय बरोबर हाय? मी भंगारात दिलंच की. दोघंबी शानीच.”

मग तोच म्हणाला, “पर लोकांस्नी दिलंय आपण. शेकड्यानं कार्डं भरली. एकाकडं तरी आसंलच.”

पुढचे आठ दिवस आम्ही तेच केलं. अण्णानं मोबाइलवरच्या सगळ्या गावांच्या ग्रुपात निरोप टाकला. मी मैंदर्गीत घरोघर गेले. सगळीकडं उत्तर एकच. “आता सगळं मोबाइलवरच आईकतो की.” कार्डं कुणाची हरवली होती, कुणाची जुन्या फोनबरोबर गेली होती, कुणी त्यावर लग्नाचे फोटो भरले होते. मी कुणाला काय बोलणार? मीही तेच केलं होतं. अक्कलकोटात एका न्हाव्याच्या दुकानात एक कार्ड सापडलं, आम्ही धावत गेलो, तर त्यात नुसती नाचायची गाणी. शेवटची अकरा त्यानं जागा होईना म्हणून काढून टाकली होती. तोच खजील झाला. म्हणाला, “तुमच्या अप्पाचं हाय म्हणून म्हायती आसतं तर ठिवलं नसतं व्हय?”

नवव्या दिवशी सकाळी अण्णाला एका अनोळखी नंबरवरनं आवाजी निरोप आला. मंद्रूपची एक सून बोलत होती. “आमच्या सासूबाईंच्या गिरणीत भजन लागतंय रोज, त्येच हाय का बगा.” आणि तिच्या बोलण्यामागं, गिरणीच्या पट्ट्याचा आवाज नाही, काही नाही, फक्त अप्पा. वरच्या पट्टीत फाटणारे.

अण्णानं तो निरोप तीनदा लावला. मग शटर ओढून घेतलं. आम्ही लॅपटॉप घेऊन मोटरसायकलवरनं मंद्रूपला गेलो.

गिरणी बाजाराच्या मागं होती. चालवणाऱ्या महादेवीमावशी साठीच्या आसपासच्या, भुवयांपर्यंत पीठ. खिडकीत एक लाल स्पीकर होता, तोही पिठानं पांढरा झालेला. कार्ड त्याच्या पोटात. त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, कधीतरी सोलापुरातनं भरून आणलेलं. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती.

अण्णा कार्ड काढायला पुढं झाला तशी मावशींनी स्पीकरवर हात ठेवला. “न्हेऊ नगा. काय करायचं ते हितंच बसून करा.”

“न्हेत न्हाय मावशी. कॉपी करून तुमचं तुमाला परत.”

“ह्येचं एक पद झाल्याबिगर मी पट्टा चालू करत न्हाय. सुनेनं मोबाइलवर लावून दिलतं, पर त्यात मदीच जाहिरात लागती. आन् मला त्यातलं दाबता येत न्हाय. ह्याला एकच बटन.”

लॅपटॉपला कार्ड लावलं, तर ते दिसेना. अण्णानं काढलं, पुसलं, परत लावलं. नाही.  मावशींच्या नातवाच्या दप्तरातलं खोडरबर मागून अण्णानं कार्डाच्या सोनेरी पट्ट्या हलकेच घासल्या, फुंकर मारली, आणि तिसऱ्यांदा लावलं. फोल्डर उघडलं. अकरा नावं. कॉपी करताना नऊ आली. दोन येईनात, कार्ड तिथं खराब झालं होतं. मावशी म्हणाल्या, “व्हय, ती दोन पदं वर्सभर लागत न्हाईत. मदीच गप बसतंय.”

कॉपी होत होती तेव्हा त्यांनी मला विचारलं, “कोण म्हणतंय वो ह्ये? मला वाटतंय कुणी मठातलं स्वामी आसतील.”

“आमचे अप्पा आहेत.”

मावशी म्हणाल्या, “जित्ते हायती?”

“आहेत. पण आवाज गेला. गळ्याचं ऑपरेशन झालं.”

दारात एक बाई दळणाचा डबा घेऊन उभी होती. मावशींनी तिला हातानंच थांब म्हटलं. पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि म्हणाल्या, “त्यास्नी सांगा, आमच्यात रोज म्हंत्यात म्हणून.”

संध्याकाळी मैंदर्गीत ओसरीवर आम्ही लॅपटॉप ठेवला. अव्वाला सांगितलं होतं, अप्पांना नाही. मला भीती होती. केंद्रात मी अशी माणसं बघितली आहेत, ज्यांना आपला जुना फोटो दाखवला की ती भिंतीकडं तोंड करून बसतात. पहिलं पद लागलं. अप्पांनी अण्णाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग डोळे मिटले. बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. मावशींचा निरोप अण्णानं सांगितला तेव्हाही त्यांचा ठेका सुटला नाही.

तिसऱ्या पदाला त्यांनी एकदम हात वर केला. थांबव. वही ओढली आणि भराभर लिहिलं. अण्णानं वाचलं आणि हसायला लागला.

“म्हणत्यात, हितं माजी एक ओळ राहिली. एवढी वर्सं कुणाला कळलं न्हाय?”

राहिलेली ओळ त्यांनी लिहून काढली. दुसऱ्या दिवशी, जी दोन पदं कार्डात खराब झाली होती, ती पूर्ण लिहून काढली. चाल कशी लिहिणार, असं आम्ही म्हणत होतो, तर अव्वा चुलीपुढनं गुणगुणायला लागली. मठात बायका मागं बसायच्या, अव्वा तीस वर्षं मागं बसून ऐकत आली होती. तिला दोन्ही चाली अगदी बारकाव्यासकट येत होत्या. कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं. अण्णानं फोन चालू करून ती रेकॉर्ड केली. पंखा बंद न करता, कारण अव्वा म्हणाली पंखा बंद केला तर मी म्हणणार नाही.

अण्णा म्हणाला, आता हे सगळं ॲपवर टाकू, म्हणजे कधी जायचं नाही. मीच नको म्हटलं. तिथनंही गोष्टी जातात, मी बघितलंय. अप्पांनी लिहिलं, कुणी मागितलं तर द्या. तेच ठरलं. एक प्रत दुकानात, एक लिमरिकला, एक मावशींच्या लाल स्पीकरात नव्या कार्डावर. जुनं कार्ड त्यांनी स्वतःकडंच ठेवलं आणि आम्ही मागितलंही नाही.

मी ॲप बंद केलेलं नाही, हेही सांगायला हवं. महिन्याचे पैसे जातात, बसमध्ये मी अजून तेच ऐकते. ते वाईट आहे असं मला वाटत नाही. फक्त ते माझ्यावतीनं काही जपून ठेवेल असं मी धरून चालले होते, ती चूक माझी.

निघायच्या आधी मी अप्पांची वही मागितली. ते देईनात, कारण तीच त्यांची बोलायची वही. मग मी पदांच्या पानांचे फोटो काढून घेतले आणि अक्कलकोटातनं पहिलीचं कन्नड पुस्तक विकत आणलं. आता सुट्टीच्या दिवशी लिमरिकच्या स्वयंपाकघरात बसून मी अक्षरं गिरवते. पदं ऐकत ऐकत ओळीवर बोट फिरवते. कानाला शब्द माहीत असतो, म्हणून अक्षर पटकन कळतं. ज्यांनी लहानपणी घरची भाषा फक्त बोलली आणि कधी लिहिली नाही, असे माझ्यासारखे पुष्कळ जण तुमच्यात असतील. हे करून बघा. उशीर झालाय, पण येतं.

व्हिडिओ कॉलवर आधी अण्णा मध्ये लागायचा. अप्पा लिहायचे, अण्णा वाचायचा, मी उत्तर द्यायची. मागच्या महिन्यात एकदा अण्णा दुकानात होता आणि अव्वा शेजारी गेली होती. स्क्रीनवर फक्त अप्पा, तेही अर्धे, कारण त्यांना फोन नीट धरता येत नाही. त्यांनी वहीत लिहिलं आणि पान कॅमेऱ्यापुढं आणलं. पान हलत होतं. मी म्हटलं, अप्पा, सरळ धरा. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. मी पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं, मध्ये अडले, परत पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. अप्पा वहीच्या वरनं डोकावून माझ्या तोंडाकडं बघत होते.

“ऊट आत?”

जेवण झालं का, एवढंच होतं. माझ्याच तोंडून ते मला ऐकू आलं, आणि विचारत अप्पा होते.

“आतु, अप्पा,” मी म्हणाले. झालं.

त्यांनी मान हलवली, पान उलटलं आणि पुढचं लिहायला लागले. आता घर कुठं आहे असं कुणी विचारलं, तर मी तेवढी जागा दाखवीन. ते लिहीत असतात आणि मी वाचायची वाट बघत असते, तेवढी.